सोडवण

शैलजा मगदूम जिथं नोकरीला होती त्या इमारतीचं पाटीवरचं नाव लांबलचक होतं. त्या नावानं विचारलं तर मिरजेत कुणालाच काही कळायचं नाही. 'गारभट्टी' म्हटलं की मात्र शेंबडं पोरही रस्ता दाखवायचं. एकाच खोलीत माणसाला आधी गोठवतात आणि मग शेकतात, हे कळल्यावर गावानं दुसरं काय नाव ठेवायचं? विनाचालक रिक्षा शहरात आल्या तेव्हा त्यांनाही शेवटी 'गारभट्टी' हाच शब्द शिकवावा लागला.

कर्करोगाच्या गाठी गोठवून मारायची युक्ती तशी जुनी. गाठीत बारीक सुया खुपसायच्या, त्यांची टोकं कमालीची थंड करायची, की सुईभोवती बर्फाचा गोळा धरतो. गोळ्याच्या मधल्या पेशी मरतात. अडचण कडेची. तिथं थंडी असते, पण मारण्याइतकी नाही. कडेच्या पेशी मरता मरता वाचतात, आणि एकदा वाचलेली पेशी शहाणी होते. ती आपल्या आत राखणदार प्रथिनं तयार करते. धक्क्यानं मोडायला आलेलं सगळं ही प्रथिनं सावरून धरतात. धक्का थंडीचा असो की उष्णतेचा, पहिला सोसला की दुसऱ्याला पेशी कंबर कसून उभी. निरोगी पेशीही हेच करते, म्हणून तर आपण उन्हाळे-हिवाळे काढतो. कर्करोगाची पेशी ते जरा जास्तच मन लावून करते.

शैलजा भौतिकशास्त्र शिकलेली, आणि तिच्या यंत्रानं नेमकी ही कड पकडली होती. आधी 'गोठण'. मग 'वितळण', म्हणजे बर्फाला हात न लावता आपोआप, अगदी सावकाश वितळू द्यायचं. खरी मारामारी या वितळण्यातच होते. बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशींची आवरणं फाडतात. आणि त्या घायाळ असतानाच, राखणदार उभे राहायच्या आत, कडेला बेताची उष्णता द्यायची. ती 'भट्टी'. यंत्राला चौथं एक बटण होतं, 'सोडवण'. सगळं आटोपल्यावर सुई आत चिकटून राहू नये म्हणून ती झटकन गरम करायची सोय. वितळण चालू असताना सोडवण दाबायची नाही, हे शैलजा नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायची. पटकन वितळलं की स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळत नाही आणि पेशी जगतात. प्रयोगशाळेत पेशी जिवंत राखायच्या असल्या, की गोठवलेली नळी कोमट पाण्यात धरतात ती याचसाठी.

हे सगळं शैलजाला झोपेतही सांगता आलं असतं. आणि मग तिच्या आक्काच्या यकृतात गाठ निघाली.

आक्का म्हणजे सुनंदा चौगुले, शैलजाची थोरली बहीण. आई गेली तेव्हा शैलजा शाळेतही जात नव्हती. आक्कानं तिला आधी माहेरी वाढवलं, आणि लग्न झाल्यावर सरळ बरोबर घेऊन सासरी आली. नवरा धनपाल चौगुले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. त्यांनीही कधी 'ही किती दिवस राहणार?' असं विचारलं नाही. शैलजानं लग्न केलं नाही, ती त्याच घरात राहिली आणि त्यांना भाऊजी म्हणत म्हणत पन्नाशीला आली. भाऊजींचं आयुष्यात एकच व्यसन. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. पापुद्र्यातून वाफ निघताना बोटं भाजून घेत ते तुकडा मोडायचे आणि म्हणायचे, "निवलेली भाकरी म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठा खायला मी काय गाढव हाय?" आक्का मुद्दाम एखाद्या दिवशी गार भाकरी वाढायची आणि त्यांचं तोंड बघून पदराआड हसायची.

गारभट्टीत जाण्याआधी तीन दिवस रोग्याला गार खोलीत ठेवत. ताप नको, ऊन पाण्याची आंघोळ नको, शेक नको. पेशींना उष्णतेची चाहूलच लागू द्यायची नाही, असा त्यामागचा हिशेब. हे पथ्य शैलजानंच लिहिलेलं होतं. त्यातलं शेकाचं कलम तिनं केवळ खबरदारी म्हणून घातलं होतं. वरून दिलेला शेक कातडीखाली बोटभर जातो. यकृतापर्यंत पोचायची त्याची टाप नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी तिला जिन्यात भेटले. हातात जेवणाचा डबा.

"शैला, पाय बघ की तिचे. बर्फागत झाल्यात. जरा शेक दिला तर?"

"नाही भाऊजी. उद्याचा दिवस. मग पाहिजे तेवढा द्या."

"बरं बाई," ते म्हणाले आणि डबा छातीशी धरून वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर बसायचं नाही, असं डॉ. जमादारांनी शैलजाला सांगून पाहिलं. ते गारभट्टीचे प्रमुख, मिरजेचेच, बोलायला फटकळ. "मॅडम, घरच्या माणसावर कुणी सुरी चालवतं का? दुसऱ्याला बसवू." पण शैलजाला दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटेना. माझ्या आक्काला माझ्याइतकं जपून कोण करील, असं ती म्हणाली, आणि जमादारांनी हात वर केले.

भूल सुयांच्या जागेपुरतीच असते. रोगी जागा असतो. गोठण नीट झाली. पडद्यावर बर्फाचा गोळा गाठ पुरती गिळून बसला. जमादार सुया बसवून शेजारच्या रोग्याकडे गेले. वितळण सुरू झाली तेव्हा आक्काला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले.

"शैला... थंडी वाजालीय गं."

"थोडंच राहिलंय, आक्का."

"आतनं वाजालीय. हाडात. सोड की मला." मग थोड्या वेळानं, लहान मुलीच्या आवाजात, "शैले, सोड ना गं."

आक्कानं जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत शाळेत जायच्या आधी शैलजाचे हात आपल्या हातांत घेऊन चुलीपुढं धरून बसायची ती ही आक्का. शैलजानं घड्याळाकडे पाहिलं. अजून निम्मी वितळण बाकी होती. कडेचं बरंचसं झालंच असेल, तिनं मनाला सांगितलं. ते खरं नव्हतं, आणि सांगतानाच तिला ते माहीत होतं. तिनं सोडवण दाबली. सुया गरम झाल्या, बर्फ झरझर विरघळला, आक्काचे दात वाजायचे थांबले.

"आता बरं वाटालंय," आक्का म्हणाली.

मग शैलजानं नेहमीची भट्टी दिली. ती उष्णता घायाळ पेशींच्या मापाची होती. कडेच्या पेशी घायाळ झाल्याच नव्हत्या. त्यांना तिनं मारलं नाही, फक्त शिकवलं.

चार दिवसांनी तपासणीची चित्रं आली. गाठ मधून काळीठिक्कर मेलेली आणि भोवती जिवंत पेशींचं सबंध कडं. जमादार चित्राकडे बघत राहिले. "असं कसं झालं? या पेशी आधीच तयार होऊन बसल्यागत दिसतात. रोग्याला ताप आला होता का?"

ताप आला नव्हता. पण सिस्टरनं गार खोलीतल्या पलंगाखालून काढलेला जेवणाचा डबा पुढं केला. डब्यात भाकरी नव्हती. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली वीट होती.

भाऊजींना बोलावलं. त्यांनी डबा पाहिला. "मीच. घरातनं तापवून आणली होती. ती नको म्हणत होती, मीच दिला शेक. पायांना, मग पोटालाही. थोडाच दिला, डॉक्टरसाहेब."

"चौगुले, तुम्हाला लिहून दिलं होतं ना?" जमादार करवादले.

"दिलं होतं."

"मग?"

भाऊजींनी शैलजाकडे पाहिलं. ती काहीतरी बोलेल, डॉक्टरांना शास्त्र समजावून सांगेल, अशी आशा त्या नजरेत होती. शैलजाला एकच वाक्य बोलायचं होतं. विटेची ऊब तिथवर पोचत नाही, एवढंच. पण त्याच्या मागून लगेच दुसरा प्रश्न आला असता, मग काय झालं? ती टेबलावरच्या विटेकडे बघत गप्प बसली. तिच्या मौनाचा अर्थ दोघांनीही एकच घेतला.

जमादार सावरले. "ठीक आहे, झालं ते झालं. शेकानं तयार झालेले राखणदार तीन-चार दिवसांत विरतात. सोमवारी पुन्हा करू, आहे त्याच मापानं. आणि चौगुले, या वेळी तुम्ही घरी."

भाऊजी तिथून थेट बस्तीत गेले, जिनमंदिरात. त्या दिवशी तिथं एक मुनीमहाराज उतरले होते. घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकत, म्हणून शैलजानं घाईघाईनं तवा ठेवला. पहिली भाकरी फुगली तशी तिनं ती उचलून त्यांच्या ताटात टाकली. भाऊजींनी ती ताटातून काढून पाटावर ठेवली.

"निवू दे," ते म्हणाले. "नियम घेतलाय मी. गरम काही खायचं नाही. चहासुद्धा नाही."

"किती दिवस?"

"दिवस कसले? जन्मभर. माझ्या उबेनं तिचा घात केला. ऊबच नको मला." मग भाकरी गार होईस्तोवर ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "तू खा. तुला कुठं नियम हाय."

आणि शैलजानं खाल्ली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी दुपारी ती जमादारांच्या घरी गेली. सोमवारी काय होणार हे तिला आकड्यांसकट दिसत होतं. जमादार विटेच्या हिशेबानं चालले होते. पण कडेच्या पेशी थंडीतून वाचल्या होत्या आणि उष्णतेतूनही. त्यांचे राखणदार चार दिवसांत जाणारे नव्हते. त्याच मापानं पुन्हा केलं तर पेशी पुन्हा वाचल्या असत्या, आणखी निबर झाल्या असत्या, आणि मग आक्कासाठी करण्यासारखं काही उरलं नसतं. तिनं तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. तरीही दाराची घंटा वाजवायच्या आधी ती दोनदा माघारी वळली होती. बहिणीचा जीव एका पारड्यात आणि आपली अब्रू दुसऱ्यात, आणि आपल्याला विचार करावा लागतोय, याची तिला शिसारी आली.

जमादारांनी सगळं ऐकून घेतलं. पंखा बंद केला, पुन्हा चालू केला.

"म्हणजे वीट..."

"विटेचा काही संबंध नाही."

"आणि तुम्ही त्या माणसाला माझ्यासमोर बोलणी खाऊ दिलीत?"

"हो."

जमादारांनी समोरचा कागद पुढं ओढला. मग धंद्याचं बोलू लागले. तीन आठवडे थांबायचं, राखणदार पूर्ण विरू द्यायचे. गोठण जास्त खोल, वितळण दुप्पट सावकाश, भट्टी धडधाकट पेशींच्या मापाची. "यंत्रावर तुम्हीच बसायचं," ते शेवटी म्हणाले. "वितळण इतकी बारकाईनं दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हे दुर्दैव. उपचाराचं मी बघतो, मॅडम. घरचं तुमचं तुम्ही बघा."

तीन आठवड्यांनी आक्का पुन्हा त्याच टेबलावर होती. या वेळी वितळण संपता संपेना. जमादार शैलजाच्या पाठीशी उभे होते.

"शैला, सोड की गं."

शैलजानं दोन्ही हात पाठीमागं धरले.

"मागच्या बारीला सोडलं होतंस की. आत्ता का नाही?" आक्का रडायला लागली. "माझं काय चुकलं गं?"

जमादार खाली बघत होते. शैलजा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर तिचा हात बटणावर गेला असता. सगळं आटोपल्यावर तिनं सोडवण दाबली, सुया मोकळ्या झाल्या.

गाठ मेली. कडेसकट मेली. पुढच्या तपासणीत साफ, त्याच्या पुढच्याही. उन्हाळा आला तशी आक्का पुन्हा चुलीपाशी उभी राहू लागली. चूल म्हणजे आता विजेची शेगडी, पण आक्का तिला चूलच म्हणायची. गल्लीतल्या बायका येऊन सांगून जायच्या, तुमच्या मालकांचा नियम फळाला आला बघा. भाऊजी लाजून हसायचे. सहा महिन्यांत ते वाळले होते. गार भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, पण चेहऱ्यावर एक समाधान होतं. आपण केलेलं आपणच निस्तरलं, असं ते समाधान.

हेच शैलजाला सोसवेना. आधी ती स्वतःला समजावायची की आता सांगून काय मिळणार, उलट त्यांचा आनंद जाईल. पटायचंही. मग जेवायला बसलं की तिच्या ताटात वाफाळती भाकरी पडायची आणि समोर भाऊजी आपली निवायची वाट बघत बसायचे. कधी कधी वाफेचा वास आला की त्यांच्या नाकपुड्या हलायच्या. तेवढं दिसलं की पटलेलं सगळं वाहून जायचं.

त्या दिवशी आक्कानं शेवटच्या तपासणीची चांगली बातमी म्हणून वांग्याची भाजी केली होती. खिडकीतून तिरपं ऊन ताटांवर आलं होतं. शैलजाच्या ताटात भाकरी पडली. तिनं हात लावला नाही.

"भाऊजी, तुमच्या विटेनं काही झालं नव्हतं."

"हं?"

"शेक तेवढा आत जातच नाही. मला तेव्हाही माहीत होतं. चूक माझ्या हातून झाली होती. आक्काला थंडी सोसवेना म्हणून मी मध्येच सोडवण दाबली, त्यानं पेशी वाचल्या. डॉक्टरांना मी नंतर सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं."

शेगडीजवळ आक्काचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणी उलटली नाही.

"मीच म्हणाले होते तिला, सोड म्हणून," आक्का पुटपुटली.

"तुझं दुखत होतं. तू म्हणणारच," भाऊजी म्हणाले. ते शैलजाकडे बघत होते. वजनकाट्यावर गाडी उभी असताना काटा स्थिर व्हायची वाट बघायचे तसे. ती ओरडण्याची वाट बघत होती. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सहा महिने," ते म्हणाले, "माझ्यासमोर बसून गरम भाकरी खाल्लीस, शैला?"

दुसरं काही त्यांनी विचारलं नाही. शैलजाला वर बघवेना. कुणी मुस्कटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

आक्का डोळे पुसत उठली. करपलेली भाकरी बाजूला टाकून तिनं नवी थापली, भाजली, फुगवली, आणि स्वतः आणून नवऱ्याच्या ताटात ठेवली. "खावा आता. ऐकलंसा न्हवं? तुमचं काय चुकलं नव्हतं. सुटला तुमचा नियम."

भाऊजींनी भाकरीवर बोट टेकवलं. पापुद्रा मोडला, वाफ वर आली. क्षणभर वाटलं, आता ते तुकडा मोडणार.

"चूक झाली म्हणून घेतला असता तर सुटला असता," ते म्हणाले. "पण महाराजांच्या पायाशी मी म्हणालो होतो, ही बरी होऊ दे. ती बरी झाली. आता कसा सुटंल?"

त्यांनी ती भाकरी दोन्ही हातांनी उचलली आणि शैलजाच्या ताटात, तिच्या न खाल्लेल्या भाकरीवर ठेवली. मग आपली सकाळची गार भाकरी पुढं ओढली.

"खा," ते म्हणाले. "निवंल."

शैलजानं तुकडा मोडला. बोटं भाजली, पण तिनं तो खाली ठेवला नाही.